डाव्या चाकाचे वंगण

मोटारीचे ब्रेक तपासायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवून बघायचे. चिखलीला रावसाहेबांच्या मोटारीपाशी मी एकटाच असे. म्हणून बाभळीचे एक लाकूड बेताचे तासून ठेवले होते. त्याचे एक टोक ब्रेकवर आणि दुसरे सीटच्या कडेला टेकवून ठोकले, की ब्रेक दाबलेला राही.

मी मॅट्रिक झालेला ड्रायव्हर होतो. म्हणजे घरच्या गड्यांना शिकलेला म्हणून नको होतो आणि रावसाहेबांच्या बैठकीतल्या वकिलांना ड्रायव्हर म्हणून. माझे ताट मागच्या ओट्यावर येई. रावसाहेब आत अध्यक्षीय भाषण करत तेव्हा मी मोटारीत पुस्तक वाचत बसे. त्यांच्या भाषणांमुळे माझ्या बऱ्याच जाड कादंबऱ्या वाचून झाल्या, एवढे त्यांचे ऋण मी मान्य करतो.

सरकारकडून 'रावसाहेब' ही पदवी मिळाल्यापासून त्यांना कुठेही सावकाश पोचणे कमीपणाचे वाटू लागले होते. मोटार वेगाने यावी, लोकांनी घाबरून मागे सरावे आणि ती स्वागताच्या कमानीखाली गचकन थांबावी. धूळ बसू लागली की आत हळूहळू रावसाहेब दिसावेत. देव प्रकट होतो तो असाच, अशी त्यांची समजूत असावी.

दुसरबीडला हेच करताना घोटाळा झाला. मी ब्रेक दाबला, पुढचे एक चाक जागच्या जागी जखडले आणि मोटार उजवीकडे वळून कमानीच्या खांबावर गेली. केळीचा खांब घडासकट रावसाहेबांच्या मांडीवर आला. ताशेवाल्यांना वाटले हाही कार्यक्रमातलाच भाग. ते जोरात वाजवू लागले.

परत येताना रावसाहेब घाटापर्यंत धोतरावरचा केळीचा चीक पुसत होते. मग म्हणाले, "तुला मोटार चालवता येते, की नुसते मॅट्रिकच येते?"

"ब्रेक एकीकडे धरतोय, रावसाहेब. बघतो."

"बघच. पुढच्या आठवड्यात डेप्युटी कमिशनर साहेब माझ्या शेजारी बसणार आहेत. त्यांच्या मांडीवर केळी पडली, तर तू दुसरे घर शोध. अकोल्याचा एक ड्रायव्हर तयारच आहे."

दुसरे घर शोध म्हणणे सोपे होते. मला पहिलेही नव्हते. मोटारीच्या शेडवरची खोली, तीही मोटारीबरोबर जायची.

सकाळी मी मोटार गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर नेली. धुळीत वेगाने चालवायची, ब्रेक दाबायचा, उतरून मागे जाऊन खुणा बघायच्या. पुढच्या उजव्या चाकाने फरफटत लांब गुळगुळीत पट्टा ओढला होता. डाव्या चाकाची नक्षी मात्र धुळीत स्वच्छ उमटली होती. म्हणजे ते आपले फिरतच राहिले होते. मी उजव्याला दोषी धरले आणि त्याचा ब्रेक ढिला केला. आता मोटार वळेना, पण थांबेनाही. एका एरंडाच्या झुडपाने मला थांबवले.

मग शेडमध्ये पुढची दोन्ही चाके उचलली, उजव्याचा ब्रेक पहिल्यासारखा आवळला आणि लाकूड ठोकले. उजवे हलेना. डावे एका हाताने फिरले. उजव्याचा काही गुन्हा नव्हता. डावे काहीच करत नव्हते, म्हणून मी पाय जोरात दाबत होतो आणि सगळा भार उजव्यावर येऊन ते जखडत होते. रावसाहेबांच्या अनेक कमिट्या अशाच चालत.

डावा ड्रम उघडला तर ब्रेकचे पट्टे काळ्या वंगणाने माखलेले. चाकाच्या मधल्या टोपणात ते इतके ठासून भरले होते, की उतू जाऊन आत शिरले होते. मी घालायचो ते वंगण पिवळे. हे काळे, एरंडेल आणि जळल्या गवताची राख यांच्या वासाचे. बैलगाडीच्या कण्याला घालतात ते.

ते कोणी घातले हे मला वासावरूनच कळले, आणि कळायला नको होते असे वाटले.

दर बाजाराच्या दिवशी रावसाहेब कापूस बघायला उंद्रीच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जात. मोटार मी बाहेर रस्त्यावर एका भिंतीला उजवी बाजू लावून निंबाच्या सावलीत उभी करी. तिथे एक म्हातारे चाचा येऊन बसत. जन्मभर त्यांनी खामगावला कापसाच्या गाड्या नेल्या होत्या. आता कापूस लॉरीतून जाई, बैल उरले नव्हते, वंगणाचा नळा तेवढा उरला होता, तो ते अजून जवळ बाळगत. आठवडाभरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारे ते एकटेच.

मी पट्टे पेट्रोलने धुऊन बसवले आणि बाजाराच्या दिवशी उंद्रीला हळूहळू गेलो.

"चाचा, या चाकाले वंगण तुम्ही घातलं?"

"हाव. तुम्ही जेवाले जाता तवा. काऊन, कमी पडलं का?"

"जास्त झालं. ब्रेक धरत नाही."

"बेरेक म्हंजे?"

"थांबायचं यंत्र. ते चाकातच असतं."

चाचांनी चाकाकडे संशयाने पाहिले. "चाक फिराले असते, बाप्पा. थांबाले बैल असते. कासरा ओढला का झालं. थांबाचं काम चाकाले सांगतलं कोनं?" मग चाकावर हात ठेवून, "पाव्हन्याच्या गाडीले आमी बिना वंगणाचं जाऊ देत नाई. तुमाले तं कोनी इचारतच नोतं. दुसरं चाक भिताडाकडे, हात जात नोता. नाई तं त्यालेबी घातलं असतं."

तसे झाले असते तर मोटार खांबावर न जाता सरळ सभेत गेली असती. मी चाचांना म्हटले, "आज वंगण नको. आत बसा आणि सांगेन तेव्हा पाय दाबा."

ते जोडे काढून आत चढले. मोटारीत बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. मी मोटार भिंतीपासून पुढे घेतली, त्यांना माझ्या जागी बसवून ब्रेक दाखवला आणि पुढची चाके उचलली.

"दाबू का?"

"दाबा."

"दाबलं! धरलं का?"

"धरलं. सोडा."

दोन्ही चाके सारखी धरत होती. काम झाले होते. तरी मी आणखी काही वेळा दाबायला सांगितले.

तेवढ्यात रावसाहेब आले. "हा कोण आत बसलाय?"

"ब्रेक तपासतोय, रावसाहेब."

"तो?"

चाचा उतरले, जोडे हातात घेऊनच बाजूला झाले. रावसाहेब सीटकडे बघत मला म्हणाले, "पुढच्या खेपेपासून मोटार जिनच्या फाटकाच्या आत उभी करायची. रस्त्यावर नाही."

डेप्युटी कमिशनर साहेब आले तेव्हा मोटार कमानीखाली रेघ ओढल्यासारखी थांबली. साहेबांनी तिकडे लक्षही दिले नाही. अकोल्याचा ड्रायव्हर अकोल्यातच राहिला. माझी खोली राहिली.

उंद्रीला मी जातच होतो, पण फाटकावरचा पहारेकरी बाहेरच्या कुणाला आत सोडत नसे, आणि मला मोटार सोडून निंबापर्यंत जायची परवानगी नव्हती. फाटकाच्या गजांतून एकदा चाचा दिसले. मी हात केला. त्यांनीही केला, मोटारीकडे बोट दाखवून काहीतरी विचारले. जिनच्या आवाजात ऐकू आले नाही.

त्यानंतर ब्रेक तपासायचे तर पुन्हा ते लाकूडच. एकदा शेडमध्ये चाकाशी बसलो असताना मी सवयीने "दाबा" म्हणालो. थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून लाकूड ठोकले.