पंचांगातली हळद, कुंकू आणि नीळ

आमच्या ह्यांची लघवी मी एक अख्खा पावसाळा रोज सकाळी उकळली. हसा, हसा. आळीतल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या. पण काचेच्या नळीत तो रंग पहिल्यांदा बदलताना पाहिला, ते आज सत्तरी ओलांडली तरी आठवलं की अंगावर काटा येतो.

तेव्हा एकोणीसशे तीस साल नुकतं लागलं होतं. रत्नागिरीत बंदराच्या अलीकडे आमचं घर. हे बंदरावर कारकून. घरात हे, मी आणि सासूबाई. मूलबाळ अजून झालं नव्हतं. ह्यांचं खाणं म्हणजे काय सांगू! पानात भात वाढला की समोर बसलेला माणूस दिसू नये. घावणे नि नारळाचा रस असला की मी तव्यापाशी उभी राहून दमायची, हे खाऊन दमायचे नाहीत. पोट सुटलं, सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. लोक म्हणत, "सुनेच्या हातचं अंगाला लागलं हो!" आणि मी मेली फुशारून जायची.

मग एका उन्हाळ्यात तहान लागली ह्यांना. तांब्यावर तांब्या, संध्याकाळपर्यंत कळशी रिकामी. खाणं पहिल्याहून जास्त, आणि माणूस मात्र वाळत चाललेला. त्यातच खडकात कालवाची शिंपी तळपायात घुसली. चार दिवसांत भरून यायची एवढीशी जखम, तिचं महिना झाला तरी तोंड मिटेना.

गावातले डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, बोलायला फटकळ. त्यांनी ह्यांच्या दंडातून रक्त काढून नळीत घातलं आणि खिडकीत उभं करून ठेवलं. बऱ्याच वेळाने आम्हाला जवळ बोलावलं. "बघा." खाली लाल रक्त बसलेलं. त्याच्यावर म्हणे पिवळसर, नितळ पाणी यायला हवं. तिथे होतं पांढरंफटक, दाट, आणि वर तापवून निवलेल्या दुधावर धरते तशी चक्क साय! अगोबाई, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. रोज ज्यांच्या शेजारी बसते, बोलते, भांडते, त्यांच्या अंगातून हे वाहत होतं आणि मला पत्ता नव्हता.

"हे तुमचं खाणं," डॉक्टर म्हणाले. "चरबी रक्तात तरंगतेय आणि साखर लघवीतून सांडतेय. भरलेल्या कणगीवर वरून ओतत राहिलात तर दाणे बाहेरच पडणार. मधुमेह आहे."

मुंबईत त्यावर नवी सुई निघाली होती, इन्शुलिन. पण ती बर्फात घालून बोटीने आणायची, आणि चार दिवसांत पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या होत्या. कोल्हापूरहून मोटारीने मागवावी तर पावसात घाट कधी बंद पडेल नेम नाही. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "नारळी पौर्णिमेपर्यंत खाण्यावर निभवायचं. निभलं तर जखम भरेल. जखम काळी पडली तर पाय घोट्यापासून काढावा लागेल, आणि विष वर चढलं तर माणूस हाती लागायचा नाही." ह्यांचं वय तेव्हा चौतीस, माझं चोवीस.

भात बंद. गूळ, साखर, आंबा, फणस, घावणे बंद. नाचणीची अर्धी भाकरी, ताक, पालेभाजी, अंडी, मासे एवढंच. आणि रोज सकाळी ती परीक्षा. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी आणायची. साखर नसली तर निळं ते निळंच राहील, असली तर रंग फिरेल. मी मराठी चौथी शिकलेली म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "देवा रे! चुलीवर नैवेद्य आणि पडवीत मुताचा काढा!"

पहिल्या दिवशी मी मागच्या पडवीत लाकडांच्या आडोशाला बसले. निळंभोर पाणी खदखदू लागलं. बघता बघता हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी आमच्या कुंपणाच्या गडग्यातल्या जांभ्या चिऱ्यासारखं तांबडंलाल. कुणी हात लावला नाही, कुणी काही घातलं नाही. आदल्या दिवशी ह्यांनी काय खाल्लं ते त्या नळीने मला तोंडावर सांगितलं. मी दिव्याला नमस्कार केला. हसू नका, खरंच केला.

लिहून ठेवा, डॉक्टरांनी सांगितलं होतं. कशावर लिहू? भिंतीतल्या देवळीतलं पंचांग काढलं. लाल झालं तर त्या तिथीसमोर कुंकवाचं बोट, पिवळं तर हळदीचं, हिरवं तर अळवाचं पान चोळून, आणि निळं राहिलं तर कपड्याची नीळ. आठ-नऊ दिवस कुंकूच कुंकू. मग हळद आली. मग हिरवं. टाकळा नि कुळू या पावसाळी रानभाज्या, सुका बांगडा, ताक यावर ते गृहस्थ दिवस काढत होते आणि रात्रंदिवस चिडचिड करत होते; पण एका सकाळी पाणी उकळलं, उकळलं, आणि निळंच राहिलं! मी ती नळी घेऊन पडवीतून धावत आत गेले. "अहो, बघा हो, बघा!" हे उठून बसले. आम्ही दोघं त्या नळीकडे बघत राहिलो. दोन आठवडे भात खाल्ला नाही, एवढ्यावर माणसाच्या आतलं सगळं बदलतं? मला ते देवाच्या चमत्काराहून मोठं वाटलं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं.

आणि दोन दिवसांनी पुन्हा कुंकू.

मग हळद, मग हिरवं, आणि पुन्हा कुंकू. जखमेची कड काळपट दिसू लागली. माझं डोकं फिरलं. बंदरावर काम थोडं, चार टाळकी जमतात, कुणीतरी भजी आणतं, लाडू आणतं, हे मला ठाऊक होतं. "कुठे गिळून आलात?" मी ओरडले. "जिभेचे चोचले पुरवा, पाय गेला तरी चालेल!" ह्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले, वास घेतला. ह्यांनी ते खिसे परत आत ढकलले. आणि म्हणाले, "तू वाढलंस त्यापलीकडे एक कण तोंडात घातला नाही गो." मी विश्वास ठेवला नाही. आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि ते मला आजही डाचतं.

आषाढ सरत आला तेव्हा डॉक्टरांना दाखवायला म्हणून पंचांग काढलं. पान समोर धरलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. शुद्ध एकादशीच्या खालच्या ओळीत, म्हणजे दुसऱ्या सकाळी, कुंकू. वद्य एकादशीच्या खाली कुंकू. मंगळवारी कुंकू. रविवारी कुंकू.

सोमवारचा उपास मी ह्यांच्या नावाने बोलले होते, पाय वाचावा म्हणून. शनिवार सासूबाईंनी धरायला लावला होता, आणि दोन्ही एकादश्या आमच्या घरात होत्याच. उपासाच्या दिवशी मी ह्यांना काय वाढत होते? साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, केळी, वऱ्याचे तांदूळ, वर चार खजूर. आठवडाभर अर्धपोटी राहिलेला माणूस, म्हणून चांगलं पोटभर वाढायची. डॉक्टरांनी भात बंद केला होता, गूळ बंद केला होता. साबुदाणा म्हणजे काय अन्न आहे? उपासाला चालतं ते कसला अपाय करणार? ज्या खाण्याने देव पावायचा त्याच खाण्याने माझ्या नवऱ्याचा पाय कुजत होता, आणि वाढणारा हात माझा. मी पडवीत बसून हमसाहमशी रडले.

डॉक्टरांनी ते पान उजेडाकडे धरलं. "बाई, इतकी वर्षं डॉक्टरकी करतोय," ते म्हणाले, "असा कागद माझ्यापुढे कुणी आणला नाही." मग आवाज चढला. "साबुदाणा? रताळी? अहो, त्यापेक्षा भात परवडला! आजपासून उपास बंद. आणि श्रावण लागतोय, तरी मासे आणि अंडी सोडायची नाहीत. पाय हवा असेल तर एक दिवससुद्धा नाही."

श्रावणात आमच्याकडे मासळीची भांडी घासून माळ्यावर जायची. सुक्या मासळीचा डबा तोंड बांधून बाहेर खोपीत. सासूबाई सात वर्षांच्या असल्यापासून श्रावण पाळत आलेल्या. मी चाचरत डॉक्टरांचं सांगितलं तशा त्या ताडकन उठल्या. "डाक्टर काय देव लागून गेला? माज्या हयातीत या घरात श्रावण मोडायचा नाय!" मी पंचांग त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एकादशी कुठल्या ओळीत असते ते डोळे मिटून सांगितलं असतं. बोट फिरवत गेल्या. प्रत्येक कुंकवाशी बोट थांबलं. मग पंचांग मिटून देवळीत ठेवलं आणि परसात निघून गेल्या.

पहिला श्रावणी सोमवार. मी विहिरीवरून हंडा घेऊन आले तर वास आला. खाऱ्या बांगड्याचा वास कधी लपतो का? निखाऱ्यावर टाकला की चार घरं पलीकडे कळतं. मला वाटलं, कुणाची अक्कल गेली आज? आणि बघते तर आमच्याच चुलीपुढे सासूबाई, आंघोळ केलेल्या, ओल्या केसांनी, चिमट्याने बांगडा उलटत होत्या. गडग्यापलीकडून शेजारीण ओरडली, "काय गो, आज वार काय? शुद्धीवर हायस ना?"

"सोमवार हाय," सासूबाई तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या. "ठाऊक हाय मला."

ह्यांच्यापुढे पान आलं. हे मान खाली घालून म्हणाले, "आई, आज नको."

"खा. पाप लागलं तर मला लागेल. तू खा."

हे जेवले. त्या समोर बसून होत्या, काटे काढून देत होत्या, चौतीस वर्षांच्या बाप्याला.

दुसऱ्या दिवशी मी दिवा पेटवला तर सासूबाई पडवीत येऊन माझ्यामागे उभ्या राहिल्या. पावसाळाभर त्यांनी त्या नळीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पाणी उकळायला लागलं. उकळलं, वर आलं, खाली गेलं, आणि निळंच राहिलं. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. त्यांनी नळीला बोट लावलं, चटका बसला, तरी लगेच काढलं नाही.

त्यानंतर पंचांगात नीळच नीळ. जखमेत गुलाबी मांस धरलं. पोट तर कधीच ओसरलं होतं; कमरेला धोतर राहीना. नारळी पौर्णिमेला हे स्वतःच्या दोन पायांनी समुद्रावर नारळ घेऊन गेले. डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढून खिडकीत ठेवलं, तर वर नितळ पिवळं पाणी, पलीकडचं माडाचं झाप दिसावं इतकं. बोटी सुरू झाल्या, पण सुई मागवायची वेळ आली नाही.

गणपती गेले. आळीतल्या घराघरांत मासळी शिजली, मीही ताज्या बांगड्यांचं सार केलं. सासूबाईंना वाढायला गेले तर त्यांनी वाटीवर हात ठेवला.

"अहो, श्रावण संपला," मी म्हटलं.

"माजा नाय संपला. त्याने मोडला तो कुणी पाळायचा?"

मला वाटलं, महिनाभर धरतील. त्या पुढे एकोणीस वर्षं जगल्या, आणि मासा तोंडात घातला नाही. ह्यांचा बांगडा मात्र रोज स्वतः भाजायच्या, मला चिमटा धरू द्यायच्या नाहीत. ह्यांना आम्ही दोघींनी कधी काही सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, म्हातारपणी आईच्या तोंडाची चव गेली.