सगळ्या रकान्यांत ‘नाही’

पंढरीनाथ सोनवणे यांनी अठ्ठावीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं आणि त्यातली अकरा वर्षं रेल्वेच्या डॉक्टरांपासून ब्लडप्रेशर लपवलं. तपासणीत नापास झालं की ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवतात. म्हणून तपासणीच्या आठवड्यात मीठ बंद, बाहेरच्या डॉक्टरची गोळी चालू, आणि कागदावर सगळीकडे ‘नाही’. जोडीच्या कितीतरी ड्रायव्हरांनी हेच केलं. मी नावं ठेवत नाही, पोटाचा प्रश्न होता.

पण परवा जयपूरच्या दुर्गापुऱ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचा विम्याचा फॉर्म वाचला आणि माझं डोकं फिरलं.

मुलगा संकल्प टोरांटोत. सुनेचं बाळंतपण फेब्रुवारीत, यांची तिकिटं पुढच्या आठवड्याची. दोघांनी दोन वर्षं तिथंच राहायचं ठरलंय. व्हिसा हातात आहे, पण तिथं उतरताना आजारपणाचा विमा दाखवावा लागतो. पेन्शनरांचे कागद भरून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून त्यांच्या बायकोनं, मीराबाईंनी मला बोलावलेलं.

“छातीत दुखतं? नाही. चक्कर? नाही. रोजची गोळी? नाही,” मी वाचत गेले. “काका, तुम्ही माणूस आहात की नवं इंजिन?”

“काही झालंच तर रेल्वेचं कार्ड आहे ना, ताई.” त्यांनी कार्ड ओट्यावर ठेवलं.

“ते इथल्या दवाखान्यात चालतं. तिथं बिल विमा कंपनी भरणार, आणि भरण्याआधी तुमचे जयपूरचे कागद मागवणार. खोटं सापडलं की हात वर. मग संकल्प काय घर विकेल?”

मीराबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला.

“कानोत्याच्या धरणावर पडलात, ते ऊन लागलं म्हणालात,” त्या म्हणाल्या.

“मतलब, ऊन पण होतं.”

“डिसेंबरात?”

काका पुटपुटले, “डॉक्टरनं गोळी दुप्पट केली.”

मी विमा एजंट निमिषला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, “ताई, आमच्या पॉलिसीत गोळीचा डोस बदलला की पुढचे सहा महिने हृदयाचा खर्च मिळत नाही. काकाजींना जूननंतर पाठवा.”

“अकरा वर्षं काही झालं नाही,” काका म्हणाले. “चार-पाच महिन्यांत काय होतंय?”

“ती अकरा वर्षं तुम्ही इंजिनावर होतात,” मीराबाई म्हणाल्या. “मी दारात उभी होते. काय होतं ते मला विचारा.” मग माझ्याकडे वळल्या. “माझा फॉर्म भरा. मी जाते. हे जूननंतर येतील.”

“एकटी? तू कधी जवळच्या बांदीकुईपर्यंत एकटी गेली नाहीस.”

“जाईन.”

मी त्यांचा फॉर्म भरायला घेतला. गुडघेदुखी? “लिहा हो. उजवा जास्त.” समोर काका स्वतःच्या फॉर्मवरचं एकेक ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहीत होते. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. मी वाकून वाचलं: ‘शेवटचा त्रास कधी झाला?’

“काका, डिसेंबर लिहा.”

त्यांनी मीराबाईंकडे पाहिलं.

“काल,” ते म्हणाले. “जिना चढताना. डाव्या हाताला मुंग्या आल्या. आजही आहेत.”

मीराबाईंनी गॅस बंद केला. पिठाच्या हातानंच ओट्यावरचं रेल्वेचं कार्ड उचललं आणि त्यांच्या खिशात घातलं.

“ताई, रिक्षा बोलवा,” त्या म्हणाल्या.