जंगलाला मागचं दार

माझा मामा बसगाड्यांवर तिकीट तपासनीस आहे. एकवीस वर्षं झाली. त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलत असेल, ही शक्यता तो सगळ्यात शेवटी विचारात घेतो. नोकरी लागल्यावर मी त्याच्याकडे राहायला आलो, तेव्हा त्याने मला दारातच मिठी मारली आणि मिठी न सोडता विचारलं, "कितीच्या गाडीने आलास?" मी सांगितलं. "ती आज पाऊण तास उशिरा होती." मी म्हटलं, होती ना, म्हणून तर आत्ता पोचलो. मग कुठे मिठी सुटली.

अशा माणसाला छंद लागावा तोही कसला? गोष्टीतल्या राज्यांच्या खेळाचा. दर रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून आम्ही त्याच्याभोवती बसतो. मामा सूत्रधार, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीचे तिघं गोष्टीतली माणसं. अडलं की फासे टाकायचे, फाशात जे येईल ते भोगायचं. कोपऱ्यावरचा किल्लीवाला चोर होतो. मी तलवारबाज, आमच्या गावच्या शाळेत कवायतीला मी कायम शेवटच्या रांगेत असायचो, त्याची भरपाई. मामी जडीबुटी विकणारी म्हातारी होते. तिच्या म्हातारीला भरभर चालता येत नाही, म्हणून ती सारखी म्हणते, "मी बाई जरा इथेच थांबते." मग आम्हालाही थांबावं लागतं.

राक्षस आणि शापित किल्ले मामाला जमत नाहीत. बोलणारं घुबड आलं की तोच विचारतो, "घुबड कशाला बोलेल?" पण हत्यारबंद गस्त आडवी घालावी तर त्यानेच. चौकटीचा कागद घ्यायचा, एक चौकोन म्हणजे पाच पावलं. शिपाई म्हणजे शर्टाची बटणं. पांढरं बटण भालेवाला, काळं तिरंदाज, पितळी म्हणजे त्यांचा नायक. कोणता शिपाई कुठून येणार, कोणाला बूट चावतोय, कोणाचं नायकाशी पटत नाही, कोण मागे रेंगाळतो, सगळं वहीत लिहिलेलं. एकेका गस्तीला त्याचे आठ-आठ दिवस जायचे.

खेळांच्या दुकानाचा मालक असल्या मोहिमांचं पुस्तक छापणार होता. त्यातलं एक प्रकरण मामाचं: सीमेवरच्या सात गस्ती. मामाचं नाव तोवर कुठेच छापलं गेलं नव्हतं. दंडाच्या पावतीवर असायचं, पण ते हाताने लिहिलेलं, आणि वाचणारा प्रत्येक जण शिव्या घालतच वाचायचा. त्यामुळे या पुस्तकाची वाट तो घरात कोणाला कळू न देता बघत होता. म्हणजे सगळ्यांना कळत होतं.

अडचण एकच. चार गस्ती आम्ही खेळून बघितल्या आणि चारही वेळा निसटलो. एकही बटण आमच्या अंगाला लागलं नाही. दुकानदाराच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "तुमची गस्त दिसायला झकास आहे हो, पण पकडत कुणालाच नाही. ही गस्त की फेरफटका? येत्या रविवारी मी स्वतः येऊन बसतो. पाचव्यांदाही निसटले, तर तुमचं प्रकरण गाळतो."

"कुठेतरी पाणी मुरतंय," मामा घरी येऊन म्हणाला. "वही कोणीतरी वाचतंय."

त्या आठवड्यात घराची चौकी झाली. मामाने वहीच्या पुठ्ठ्यावर पावडर भुरभुरली, बोटांचे ठसे उमटावेत म्हणून. उमटलेही. भिंग लावून बघितले तर त्याचेच. फासे त्याने पाण्याच्या पेल्यात एकेक करून बुडवले, कुठला एकाच अंगावर पडतो का ते बघायला. मी ऑफिसातून आलो की विचारायचा, "आज वाटेत किल्लीवाल्याकडे थांबला होतास?" नाही म्हटलं तर, "का नाही थांबलास?"

खरा संशय किल्लीवाल्यावर होता, कारण वहीच्या कपाटाची किल्ली त्यानेच करून दिली होती. मामा त्याच्या दुकानात गेला. मीही मागोमाग गेलो, साक्षीदार म्हणून.

"या कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत?"

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "साहेब, ते कुलूप चमच्यानेसुद्धा उघडतं. किल्ली कशाला हवी?"

बिचाऱ्याने खरं सांगितलं आणि तिथेच फसला. घरी परतताना मामा तीनदा म्हणाला, "चमचा म्हणाला. लक्षात ठेव. चमचा."

मग मामाने डाव टाकला. वहीत खोटी गस्त लिहिली, 'पुलावरून येणार', आणि ते पान मुद्दाम टेबलावर उघडं टाकून तो तासभर अंघोळीला गेला. संध्याकाळी आम्हाला घेऊन छोटा डाव मांडला. आम्ही पूल टाळलाही नाही आणि पुलाकडे गेलोही नाही. आम्हाला पूल आहे हेच माहीत नव्हतं.

"बघ," मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "वाचलंय, पण न वाचल्याचं सोंग केलंय. पक्के आहेत."

"किंवा कोणी वाचलंच नसेल, मामा."

तो माझ्याकडे वळला. "तू फार लवकर बोललास."

रविवार आला. दुकानदार कोपऱ्यातल्या खुर्चीत कागद-पेन घेऊन बसला. मामाने बटणं मांडली. जंगलातली पायवाट, पुढे वळण, राजाज्ञा अशी की परवान्याशिवाय कोणी दिसला तर धरायचा. परवाना आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. किल्लीवाल्याने झाडावर चढून बघायचं ठरवलं. मी तलवार उपसली, कारण मला दुसरं काही सुचत नाही.

मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इथे नको रे. वळण गेल्यावर थांबू. दोघं पुढून येतील, जाडा खालीच उभा राहील. ते मधोमध आले की आपण मागच्या दाराने उतरू."

मामाची पेन्सिल थांबली.

"कुठून उतरू म्हणालीस?"

"मागच्या…" मामीची जीभ अडली.

"जंगलाला मागचं दार असतं?"

दुकानदाराने खुर्ची थोडी पुढे ओढली. मला मामाच्या डोक्यात चाललेला हिशेब दिसत होता. वहीत दार कुठेच नव्हतं. म्हणजे हे वहीतून आलेलं नाही. दार असतं ते बसला. पुढून दोघं चढतात ते तपासनीस. आणि तपासनीस चढल्यावर मागून कोण उतरतं, हे त्याला एकवीस वर्षं माहीत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"अगं," तो इतक्या हळू म्हणाला की त्याचाच आवाज वाटेना, "तू विनातिकीट फिरतेस?"

किल्लीवाला छताकडे बघू लागला. मामी उठली, खुंटीवरची पर्स आणली, पास काढून बटणांच्या मधोमध ठेवला. मामाने तो उचलला. फोटो बघितला, मामीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग तारीख बघितली.

"परवा संपतोय."

"परवा काढीन," मामी म्हणाली. "अहो, रोज रात्री जेवताना सांगतं कोण? आम्ही वळण गेल्यावरच गाडी थांबवतो. दोघं पुढून चढतो. आमच्यातला जाडा गुडघ्यामुळे चढत नाही, खालीच उभा राहतो. एकवीस वर्षं मी हेच ऐकत जेवतेय. तुमच्या सगळ्या गस्ती तशाच येतात. नुसते भाले दिलेत हातात."

किल्लीवाल्याला हसू आवरेना. "साहेब, म्हणजे वहीला कुलूप, आणि तोंडाला?"

"तू गप्प बस. चमचा अजून माझ्या लक्षात आहे."

दुकानदाराने पेनाला टोपण लावलं. "म्हणजे आजही निसटले. मी निघतो मग."

"अर्धा तास," मामा म्हणाला. "अर्धा तास द्या मला." एवढं बोलून तो मामीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी उभा राहिलो.

"सांग," मामा म्हणाला.

"काय सांगू?"

"माझ्या हातून सुटतात ते कसे सुटतात?"

एवढ्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नसावं, कारण मामीने आधी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "मी रोज बसने जाते ना, प्रवाशांच्या बाजूने बघते. तिकीट असलेला माणूस झोपलेला असतो. नसलेला खिडकीबाहेर बघत असतो. तुम्ही दिसायच्या आधीच तो उभा. तुम्ही चढून हात पुढे करता, तोवर तो उतरलेला. आधीपासून आत बसलेलं कोणीतरी हवं."

"गणवेशाशिवाय तपासणी? नियमात नाही."

"जंगलात कसला आलाय नियम!"

ते दोघं बाहेर आले तेव्हा मामीने आपली म्हातारीची सोंगटी टेबलावरून उचलली आणि ती मामाच्या बाजूला जाऊन बसली. डाव पुन्हा मांडला. या वेळी मी आणि किल्लीवाला दोघंच. वाटेत एक बाई लाकडाची मोळी टाकून दम खात बसली होती. मामीच तिच्या वतीने बोलत होती. "कुठले रे बाळांनो? उन्हाचे कुठे निघालात?" आम्ही गप्पा मारल्या. किल्लीवाल्याने बोलता बोलता मागच्या वाटेकडे दोनदा वळून बघितलं. बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढंच. दोन्हीकडच्या झाडीतून काळी बटणं आली, आमच्या पाठीमागे.

"ही फसवणूक आहे!" किल्लीवाला ओरडला. "ती मोळीवाली त्यांच्यातली होती!"

फासे टाकले. मला एक आला, त्याला दोन, म्हणजे सुटका नाही. मामाने हात पुढे केला, तळवा वर, बसमध्ये करतो तसाच, आणि म्हणाला, "परवाना?" त्याचा असला आवाज मी यापूर्वी ऐकला नव्हता, पोराला बक्षीस मिळावं तसा.

"हे घेतलं," दुकानदार म्हणाला. "बाकीच्या सहा पण अशाच दुरुस्त करून द्या. प्रकरणावर नाव कोणाचं?"

मामाने मामीकडे डोळे बारीक करून बघितलं. "तुला हवंय?"

"मला कशाला? नाव छापलं की बसमध्ये सगळे ओळखतील मला."

"मग तुला काय हवंय?"

"नेहमी काहीतरी हवंच असतं का माणसाला?"

"हो," मामा म्हणाला.

पुस्तक छापून आलं. मामाने ते घरात उभ्या-उभ्याच उघडलं, स्वतःचं नाव अक्षर अक्षर लावून तपासलं, आणि मग पान उघडं धरून मामीपुढे ठेवलं. नावाखाली बारीक टायपात एक ओळ होती, ती त्याने आम्हाला न सांगता दुकानदाराला छापायला लावली होती: 'सर्व गस्ती बायकोच्या सांगण्यावरून.'

मामीने ती वाचली. चष्मा नाकावर खाली घेतला आणि मामाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"अहो," ती म्हणाली, "काय लपवताय?"