उजव्या कानातलं गाणं

कवळीवाल्याला खऱ्या नावानं हाक मारणारी आता एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे त्याची थोरली बहीण. आणि तीसुद्धा रागावली तरच. बाकी जगाला तो कवळीवाला. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे लॅबमध्ये यायचे, त्यांवर मेण लावून हा एकेक दात बसवायचा. लग्न केलं नाही. बहिणीनं स्थळं आणून आणून शेवटी हात टेकले. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, मी दात लावून भरलं," हा त्याचा ठरलेला विनोद, आणि त्यावर हसणारा माणूसही ठरलेला: डाव्या बाजूच्या टेबलावरचा पॉलिशवाला.

तयार कवळी पॉलिशवाल्याकडे जायची. मोटरवर गरगर फिरणाऱ्या ब्रशाला लावून ती चकचकीत करायची, हे त्याचं काम. मोटर त्याच्या डाव्या हाताला होती. तिच्या घरघरीनं त्याचा डावा कान केव्हाच कामातून गेला होता. उजवा मात्र चांगला तिखट. त्या गोंगाटात साधी गाणी काही टिकेनात, म्हणून त्यानं कुठून तरी ही असली गाणी शोधून काढली. ब्लॅक मेटल म्हणतात त्यांना. अल्बमचं चित्र काळंकुट्ट, आणि बँडचं नाव असं लिहिलेलं की झाडाची मुळं उपटून ठेवली आहेत असं वाटावं. वाचता दोघांनाही कधी आलं नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कवळीवाल्यानं कानाला खडाच लावला होता. ढोल म्हणजे पत्र्यावर गारांचा मारा. गिटारी एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. गाणारा तर गातच नव्हता, जीव खाऊन किंचाळत होता. लॅबच्या मालकीणबाईंनी एकदा क्षणभर कानाला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे गाणं आहे की भूल न देता कुणाची दाढ काढतायत?"

पण पॉलिशवाला म्हणाला, "अरे, जरा थांब. पुढे ऐक."

पुढे तो सगळा कल्लोळ एकाएकी थांबायचा आणि मोठ्ठं रिकामं काहीतरी उघडायचं. लांबवर वारा. कुठेतरी पाणी ठिबकतंय. त्याखाली एकच सूर, न हलता, बराच वेळ. कवळीवाल्याला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या खोलीवर परतल्यावर कुलूप काढून दार ढकलताना जे वाटतं, ते कुणीतरी नेमकं वाजवलंय. हे तो कुणाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा संपल्यावर मात्र आपणहून म्हणाला, "लाव रे तुझं ते भांडण."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत दोघं बाकावर बसायचे, एक इअरफोन दोघांत वाटून. उजवं बोंडुक पॉलिशवाल्याच्या चांगल्या कानात, डावं कवळीवाल्याच्या. एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देणारे जगात पुष्कळ असतात. यांनी एकेका कानावर वर्षानुवर्षं मैत्री चालवली. शांत भाग आला की पॉलिशवाला डोळे मिटून हळूच गुणगुणायचा. तेवढंच कवळीवाल्याला खटकायचं.

"गायचं तर मोठ्यानं गा, नाहीतर गप्प बस."

"तू पाय हलवतोस, मी काही म्हणतो का?"

मग पॉलिशवाल्यानं काम सोडलं आणि तो लेकीकडे राहायला दुसऱ्या गावी गेला. कवळीवाल्याला जुना फोन देऊन गेला, त्यातल्या गाण्यांसकट. याची सुट्टी आता एकट्याची झाली. डावं बोंडुक कानात आणि उजवं छातीवर लोंबकळत. ते कानात घालायची त्याला कधी इच्छाच झाली नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालावा तसं वाटायचं. शिवाय, खरं सांगायचं तर, तो वाट बघत होता. पॉलिशवाला येईल, शेजारी बसेल, एकदा तरी पुन्हा ते गाणं अख्खं ऐकून होईल, एवढीच त्याची मागणी होती.

पॉलिशवाला आधी फोन करायचा. मग उचलेनासा झाला. नुसते मेसेज. कवळीवाला मनातून दुखावला. बहिणीला म्हणाला, "गरज सरो, वैद्य मरो." आणि एका शनिवारी मेसेज आला: उद्या दुपारी येतो.

कवळीवाल्यानं खोली झाडली, धुतलेली चादर घातली, फोन चार्जिंगला लावून ठेवला.

पॉलिशवाला आला तो वाळलेला, पण हसरा. त्यानं आल्या आल्या स्वतःच बोलायला सुरुवात केली: बसची गर्दी, नातीचे दुधाचे दात, जावयाचा स्वभाव. कवळीवाल्याला मध्ये शिरायला फटच मिळेना. शेवटी त्यानं इअरफोन दाखवला. पॉलिशवाल्याचा चेहरा खुलला. तो जुन्या सवयीनं डावीकडे सरकला, उजवं बोंडुक कानात घातलं, डोळे मिटले आणि मान डोलवू लागला.

गारा कोसळल्या, किंचाळ्या झाल्या. मग शांत भाग आला. कवळीवाला कान देऊन बसला. आज गुणगुणला असता तर तो एका शब्दानं बोलला नसता. पण पॉलिशवाला गुणगुणला नाही. मान मात्र तशीच, त्याच वेगानं डोलत होती. विसरला, कवळीवाल्याच्या मनात आलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

गाणं संपलं. फोनवरची रेघ शेवटाला जाऊन थांबली. पॉलिशवाला डोलतच होता.

तेव्हा सगळं लख्ख कळलं. न उचललेले फोन, मेसेज, ती अखंड बडबड. उजवा कानही गेला होता, आणि गड्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती.  कवळीवाल्यानं त्याला तसंच थोडा वेळ डोलू दिलं, मग गुडघ्यावर हात ठेवला.

पॉलिशवाल्यानं डोळे उघडले. "वा!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की भिंतीपलीकडच्यांनाही कळावं. "ते मधलं कुणीतरी गुणगुणतं ना, त्यानं अजून काटा येतो बघ अंगावर!"

"कोण गुणगुणतं? ते तर तू गुणगुणायचास!"

पॉलिशवाल्यानं त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि हसून म्हणाला, "नको नको, आता चहा नको. बस चुकेल."

कवळीवाला त्याला बसमध्ये बसवून आला. खोलीत परतून त्यानं गाणं पुन्हा लावलं आणि पहिल्यांदाच उजवं बोंडुक आपल्या कानात घातलं. कल्लोळ थांबला. वारा आला, पाणी ठिबकलं. आणि मग अगदी जवळ, फक्त उजवीकडे, एक माणूस हलक्या आवाजात गुणगुणू लागला. तीच चाल, तेच श्वास घ्यायला थांबणं. ते गाण्यातच होतं. पॉलिशवाला इतकी वर्षं त्या आवाजाला साथ देत होता आणि कवळीवाला त्याला गप्प बसवत होता.

तो चटकन डावीकडे वळला, त्याला सांगायला. तिथे चादरीवर बसल्याची वळी तेवढी होती. हे सांगण्यासारखा जगात एकच माणूस होता, आणि त्याला आता काही ऐकू येत नव्हतं.