गोजाबाईची फळी

पिंपरी स्टेशनाजवळच्या त्या तीन मजली इमारतीनं काय काय पाहिलं होतं! खाली तमाशाचा फड आठ-आठ दिवस मुक्कामाला असे, मधल्या मजल्यावर युनियनच्या बैठका चालत. संपात एक पुढारी फडातल्या बाईचं लुगडं नेसून पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला, हा आम्हा कामगारांचा आवडता किस्सा.

वर गोजाबाईची खाणावळ होती. नवऱ्यामागं तीस वर्षं तिनं ती एकटीनं ओढली. एका खाटेवर तीन शिफ्टचे तीन गडी आळीपाळीनं झोपत. मीही सहा वर्षं तिथं काढली. खाली दाराशी खिळ्यांची फळी होती. आत आलं की बाईनं दिलेला आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर पडताना न्यायचा. फळी बघून बाई भाकरी थापायची. विसरला त्याला शिव्या पोटभर मिळायच्या.

युनूसभाई जुना मेकॅनिक. रिटायर झाला, पण गावी कुणीच नव्हतं, म्हणून इथंच राहिला. शेवटच्या शिफ्टवरून आला आणि बिल्ला बाईच्या हातात ठेवून म्हणाला, "आता मी कुठं जाणार? नव्या पोराला द्या." पुढं तो लसूण सोलायचा, मिठावरून बाईशी भांडायचा. भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळायची.

गेल्या वर्षी धोकादायक इमारतीची नोटीस लागली. खालचे दोन मजले रिकामे झाले, वर पहिल्या शिफ्टचे चार-पाच गडीच उरले; सोमवारी सगळे निघणार होते. शनिवारी सकाळी गोजाबाई भाजी घेऊन परतली, तर मागची अर्धी इमारत खाली आलेली. मी जवळच राहायचो, ऐकून धावत पोचलो. अग्निशमनचा जवान विचारत होता, "आजी, आत किती माणसं?"

दार अजून उभं होतं. बाईनं सवयीनं फळीकडं पाहिलं. सगळे खिळे रिकामे होते.

"कुणी न्हाई. समदी कामावर हायेत."

आणि मी, शहाणा, वर म्हणालो, "साहेब, बाई कधी चुकत नाहीत."

ढिगाऱ्यावर मशीन चढलं. अर्ध्या तासानं बाई गर्दीत कुणाला तरी शोधू लागली. मग तिनं माझा हात घट्ट धरला. "आरं, युनूस कुठं हाय?"

मशीन थांबवलं. युनूसभाई दुपारी सापडला, जिन्याखाली. तो आधी जिवंत होता का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आजही होत नाही.

गोजाबाई आता पिंपळे सौदागरला लेकीच्या फ्लॅटमध्ये असते. तिचा काही दोष नव्हता, असं सगळे सांगतात. मीही सांगितलं. ती म्हणाली, "जो कायम घरात व्हता, त्योच मोजायचा ऱ्हायला."

परवा मी तिथं असताना सोसायटीचा माणूस यादी करायला आला. घरात किती जण, एवढंच त्यानं विचारलं. बाई उठली, प्रत्येक खोलीत गेली, बाथरूमचं दार उघडलं, वाकून पलंगाखाली पाहिलं. तो दारात ताटकळत राहिला. मग बाहेर येऊन तिनं आकडा सांगितला, आणि पुन्हा एकदा आत बघायला गेली.