तांदळाचं काय केलंत?

पोरांना उपाशी ठेवायचा पगार घेते, असं म्हणून वॉर्डातल्या बाकीच्या नर्स शिउ-हाला चिडवतात. चिडवोत बापड्या. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे कामातून गेलेले, आणि तैवानातल्या च्याई शहराजवळच्या या दवाखान्यात गेली एकतीस वर्षं रोज सकाळी तेच: ऑपरेशनच्या पोरांच्या उशा उचलायच्या, खालची बिस्किटं काढायची, घट्ट मिटलेल्या मुठी उघडायच्या आणि वर त्यांचं भोकाड ऐकायचं. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून फुप्फुसात जातं, हे ती प्रत्येक आईबापाला बजावते. ते माना डोलावतात आणि हिची पाठ वळली की पोराच्या तोंडात काहीतरी कोंबतात. पोर उपाशी बघवत नाही हो कुणाला! तिलाही बघवत नाही, पण सांगते कुणाला?

त्या दिवशी चार वर्षांचा काइ-आन होता, हर्नियाचा. मागच्या खेपेला सर्दीने तारीख हुकलेली. बाप मासेमारीच्या बोटीवर. बोट उद्या निघायची ती चार महिन्यांनी परतायची. ऑपरेशन आठला, आणि साडेसात होऊन गेलेले.

"आमा, रात्रीपासून काही दिलं का याला?" शिउ-हाने पोराच्या आजीला विचारलं.

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही," आजी ठसक्यात म्हणाली.

पोरगं मात्र मजेत पाय हलवत बसलं होतं. उपाशी पोर इतकं गप्प? शिउ-हाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने त्याचा गंजीफ्रॉक काढला, तर त्याला उदबत्तीचा वास, आणि शिवणीत अडकलेला तांदळाचा एक दाणा टपकन गादीवर पडला. दचकणाऱ्या पोराचा कपडा देवळात न्यायचा, वाटीभर तांदूळ त्यात बांधून त्यावर मंत्र म्हणवून घ्यायचे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या आईनेही तेच केलं होतं.

"आमा, तांदळाचं काय केलंत?"

"काय करणार? पेज केली. सकाळी सहाला चार चमचे भरवली. ते काय खाणं आहे होय? औषध आहे ते! रात्रभर दचकत होतं लेकरू."

शिउ-हा फोनकडे वळली, तसा बाप आडवा आला. "मावशी, जाऊ द्या ना! चार चमच्यांनी काय आभाळ कोसळतंय? मी गेल्यावर याला इथे कोण आणणार? तुमचं काय जातं गप्प बसायला?"

तिने फोन केलाच. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एका वाक्यात ऑपरेशन रद्द केलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. बापाने खुर्चीला लाथ मारली आणि तो जिन्याकडे निघून गेला.

आजी मात्र तिच्यावर उखडली. "देवाधर्माचं तुला काय कळतंय गं? यंत्रांत राहून देव विसरलीस!"

शिउ-हा खाटेच्या कडेला बसली.

"मलाही ती पेज औषधच वाटली होती, आमा. एकोणतीस वर्षं झाली. अशीच एक आजी माझ्या कानात म्हणाली, नातीला देवळातल्या तांदळाची पेज दिलीय. मी म्हटलं, बरं केलंत. डॉक्टरांना बोललेच नाही. ते अन्न आहे, हे माझ्या मनातच आलं नाही."

"मग?"

"पोरगी अकरा दिवस श्वासाच्या यंत्रावर होती."

"आणि मग?"

"बाराव्या दिवशी तिचे बूट मीच पिशवीत घालून तिच्या आईच्या हातात दिले."

म्हातारीची नजर नातवाच्या पावलांवर गेली. मग तिने पिशवीतून उरलेल्या पेजेचा डबा काढला आणि झाकणावर हात ठेवून विचारलं, "आता तरी देऊ का गं?"

"द्या. पोटभर द्या," शिउ-हा म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात टेकून पलीकडच्या खाटेवरची उशी उचलायला उठली.