शिट्टीला ओ नाही

मोहफुलं वेचायला आमच्याकडं कोणी एकटं जात नाही. पहाटे झाडाझाडाखाली पांगलेली माणसं एकमेकांना हाक देत राहतात. पहिली हाक बाबांची, मग बायांची ओ. वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो, म्हणून ही रीत. ओ आली म्हणजे माणूस आहे.

मी घरातली पहिली पदवीधर, तीही मानसशास्त्रात. सांगायला लाजत नाही. यंदा पांदणीत वाघाचे ठसे दिसले, तेव्हा मी गोंदियाहून सगळ्यांसाठी शिट्ट्या आणल्या. हाकेपेक्षा शिट्टी दूर जाते. शेजारची काकू बाबांना म्हणाली, "भाऊजी, आता तुमच्या गळ्याले पेन्शन!" बाया खिदळल्या. बाबाही हसले.

दुसऱ्या पहाटे मी शिट्टी वाजवली. एकेकीची उलट शिट्टी आली. बाबांची नाही. पुन्हा वाजवली. नाहीच. आईची टोपली कलंडली.

"तुहा बाप नाल्याकडं गेला होता वं," एवढंच ती बोलली.

मी शिट्टी वाजवत नाल्याकडं धावले. वाळकं पान वाजलं तरी वाघच वाटे. फुंकून काही होईना, तेव्हा मी ओरडले, "बाबाऽऽ!"

"होऽ!"

अगदी जवळून. नाल्याच्या काठी बुंध्याला टेकून बसले होते. शिट्टी खिशात.

"शिट्टी ऐकू नाही आली?"

"आली ना."

"मंग काऊन गप्प बसून राहिले?"

"मी का ढोर होय, शिट्टीवर याले?"

आई भडकली. "वाघानं नेलं असतं तं?"

"तं शोधाले आले असते ना सारे."

कॉलेजात शिकले होते: माणूस वेडंवाकडं वागला, तर त्यातून त्याला काय साधायचंय ते पाहा. बहुतेकदा आपल्या माणसांतली जागाच हवी असते. परीक्षेत हे मी झकास लिहिलं होतं. पण त्या जागेसाठी माझा बाप वाघाच्या वाटेवर मुका बसू शकतो, हे कळल्यावर मी आणखीच घाबरले. वाघासाठी निदान शिट्टी तरी होती.

शिट्ट्या मी परत घेतल्या नाहीत. कामाच्याच आहेत त्या. बाबांना फक्त म्हटलं, "पहिली हाक तुमचीच. शिट्ट्या तुमाले ओ देतील."

"पाहू," म्हणाले.

पुढच्या पहाटे हाक आली, नेहमीपेक्षा मोठी. चारीकडून शिट्ट्या वाजल्या. मग सारं शांत झालं. बाबांची पुढची हाक येईपर्यंत माझा हात फुलांवर तसाच थांबून राहिला.